निकाहनाम्यात ‘दुसरा निकाह करणार नाही’ अशी अट कुणी घातली आहे का? दोन घरांत वाढलेल्यांनीही लिहा

खाडीकाठची

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय. मुलगा दुबईत नोकरीला आहे, घरचे ओळखीतले, आमच्याच खेड तालुक्यातले. मेहरची (नवऱ्यानं बायकोला द्यायच्या रकमेची) बोलणी झाली. आता मी आणि बहीण दोघी अडून बसलोय की निकाहनाम्यात लिहून घ्यायचं : ती नांदत असताना तो दुसरा निकाह करणार नाही, केलाच तर स्वतः तलाक घ्यायचा अधिकार तिला राहील. यावरून घरात वादळ उठलंय. मामू म्हणतात, “लग्नाआधीच संशय, मग संसार कसला करणार?” चाचींनी तर अपशकुनच ठरवलं. मुलाकडच्यांच्या कानावर अजून घातलेलं नाही.

एवढा हट्ट का, ते सांगते. आमच्या अब्बांची दोन घरं होती. आम्ही गावात, दुसरं घर मुंबईत, अब्बा कुवेतला. दुसरा निकाह झाल्याचं अम्मीला कळलं ते एका लग्नात, जेवायला बसलेली असताना शेजारच्या बाईकडून. अब्बांनी कधी हात उगारला नाही, आम्हाला उपाशी ठेवलं नाही. पण त्या दिवसापासून अम्मीनं त्यांच्याकडे मागणं सोडून दिलं. माझी बारावीची फी तिनं बांगडी मोडून भरली आणि त्यांना पत्ता लागू दिला नाही. मागितलं तर ‘तिकडचा’ विषय निघेल, विषय निघाला तर ते यायचेच बंद होतील, ही भीती. आम्ही भावंडंही लवकर शिकलो, अब्बा रजेवर आले की हट्ट करायचा नाही, आजारी पडायचं नाही, निकाल वाईट लागला तर सांगायचा नाही. सुट्टीचे दिवस गोड गेले पाहिजेत, म्हणजे पुढची सुट्टीही ते इकडेच काढतील.

तर अशी अट कुणी घातली आहे का? काझींनी लिहून घेतली का? आणि दोन घरांत वाढलेलं कुणी इथे असेल तर तुमच्याकडे कसं होतं तेही लिहा.

रोहिणी_कु

वाचून गलबललं. ‘आजारी पडायचं नाही’ हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. बहिणीच्या पाठीशी उभ्या आहात, फार बरं वाटलं. कायद्याचं जाणकार सांगतीलच.

मजेत_मी

इथे एकीचीच यादी घेऊन बाजारात जाताना घाम फुटतो, लोक दोन-दोन कसे सांभाळतात देव जाणे! 😀

रोहिणी_कु

@मजेत_मी, हा विनोद प्रत्येक वेळी ऐकते. त्यात त्रास नेहमी पुरुषालाच होत असतो. वरच्या पोस्टमध्ये बांगडी कुणी मोडली ते परत वाचा.

मजेत_मी

बरोबर आहे तुमचं. वाचतोय.

सोलापुरी_वकील

@खाडीकाठची, अशी अट घालता येते. निकाह हा करार आहे आणि करारात शर्ती घालता येतात. तुम्ही म्हणता त्याला तलाक-ए-तफवीज म्हणतात, म्हणजे नवरा आपला तलाकचा अधिकार ठरावीक परिस्थितीत बायकोकडे सोपवतो. आपल्या न्यायालयांनी असे करार ब्रिटिश काळापासून मानलेले आहेत.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या अटीमुळे त्याचा दुसरा निकाह रद्द होत नाही. तो झाला तर वैधच राहतो. बहिणीला मिळतो तो बाहेर पडायचा रस्ता, कोर्टात वर्षं न घालवता, आणि ठरलेला मेहर. त्यामुळे मेहर नावापुरता ठेवू नका. मी अशा निकाहनाम्यांवर काम केलंय ज्यांत मेहर इतका किरकोळ होता की बाईला त्यातून एक महिन्याचं भाडं भरता आलं नसतं.

अट नसली तरी बाई अगदीच निराधार नसते. १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात लिहिलेलं आहे, की नवऱ्याला एकापेक्षा जास्त बायका असतील आणि कुराणाच्या आज्ञेप्रमाणे तो त्यांना सारखं वागवत नसेल, तर या कारणावरून बायको कोर्टाकडून विवाहविच्छेद मिळवू शकते. पोटगीच्या जुन्या कलम १२५ मध्ये (आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४) नवऱ्यानं दुसरं लग्न करणं हे बायकोनं वेगळं राहायला पुरेसं कारण मानलंय. ‘आमच्या धर्मात परवानगी आहे’ हा बचाव तिथे चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली बेगम सुबानूच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं. पण हे सगळं घडून गेल्यावरचे उपाय. तुमची अट आधीची आहे, म्हणून मला ती मोलाची वाटते.

इम्रान_मुंब्रा

धागा काढणाऱ्या ताईंबद्दल आदर आहे, पण मला बोलायचंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९-२१ची फेरी बघा. आपल्या नवऱ्याला आणखी बायको आहे असं सांगणाऱ्या विवाहित बायका मुसलमानांत १.९ टक्के, हिंदूंत १.३ टक्के. फरक आहे, पण केवढा? टीव्हीवर मात्र असं दाखवतात जणू मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरात चार-चार आहेत. माझ्या सगळ्या नातेवाइकांत, आणि आम्ही खूप आहोत, एकाच्याही दोन बायका नाहीत. मुंब्र्यात भाड्याची एक खोली परवडत नाही, दोन घरं कोण चालवणार? असे धागे निघाले की पुढच्या चार प्रतिसादांत लोकसंख्या आणि काय काय येतं ते मी पाहिलेलं आहे.

अनिरुद्ध_नाशिक

@इम्रान, मग इतकं कमी आहे तर कायद्यानं बंदच करायला हरकत का असावी? ज्याचा उपयोग कुणी करत नाही ते काढून टाकल्यानं कुणाचं काय बिघडतं? उत्तराखंडनं २०२५च्या जानेवारीपासून केलंच की.

इम्रान_मुंब्रा

उत्तराखंडच्या कायद्यातून अनुसूचित जमातींना वगळलंय, हेही सांगा मग. सगळ्यांसाठी म्हणायचं आणि एकाकडे बोट दाखवायचं. मी दुसऱ्या लग्नाची बाजू घेत नाहीये. माझं म्हणणं आहे की आमच्या बायकांची काळजी ज्यांना अचानक वाटायला लागते, त्यांना आमच्या बायका शाळेत, नोकरीत, भाड्याच्या घरासाठी नकार ऐकताना दिसत नाहीत.

खाडीकाठची

इम्रानभाई, तुम्ही म्हणता ते टीव्हीचं मलाही झोंबतं. माझ्या ऑफिसात हा विषय निघाला की मी उठून चहा घ्यायला जाते, कारण तिथे मला माझ्या अब्बांबद्दल बोलायचं नसतं. पण आकडा लहान म्हणून मी अम्मीला काय सांगू? बाहेर राजकारण आहे म्हणून आम्ही बाहेर गप्प. घरात बोललं तर बदनामी म्हणून घरातही गप्प. मग बोलायचं कुठे? म्हणून इथे लिहिलं.

आणि दुसरं. ज्या घरांत दुसरा निकाह कधीच झाला नाही, तीही घरं मोजा ना. माझ्या मैत्रिणीला तिसरी मुलगी झाली तेव्हा सासू पाळण्याशेजारी उभी राहून म्हणाली, “बघू आता, दुसरी आणावी लागेल.” नवरा भला माणूस, त्यानं कधी आणली नाही, आणणारही नाही. पण नको असताना तिनं चौथं बाळंतपण केलं. ती कुठल्या पाहणीत येते?

रेहाना_मिरज

+१, खाडीकाठची. ‘दुसरी आणीन’ ही धमकी प्रत्यक्ष दुसरीपेक्षा जास्त घरांत राहते.

आमच्याकडे दादांना (म्हणजे माझ्या वडिलांच्या वडिलांना) दोन बायका होत्या. एकाच वाड्यात, दोन चुली. मोठी दादी आणि धाकटी दादी आपसांत भांडायच्या नाहीत, उलट धाकटीचं बाळंतपण मोठीनं केलं असं सांगतात. लहानपणी मला ते फार छान वाटायचं. दादा गेले आणि वाटणीची वेळ आली तेव्हा समजलं.

आपल्या वारसा हक्कात मुलंबाळं असतील तर बायकोचा वाटा एक अष्टमांश. बायका दोन असल्या तरी वाटा एक अष्टमांशच, तो दोघींत निम्मा निम्मा. समजा सोळा लाखांची जमीन आहे. एकच बायको असती तर दोन लाख. दोन असल्या तर प्रत्येकीला एक लाख. मोठी दादी चाळीस वर्षं त्या जमिनीत राबली होती, विहिरीचे दगड डोक्यावरून वाहिले होते तिनं. तिच्या वाट्याला आलं ते धाकटीइतकंच, आणि धाकटी तर तेव्हा माझ्या अम्मीपेक्षा थोडीच मोठी. चूक दोघींचीही नव्हती. पुढे दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांवर दावे लावले आणि एका वाड्यात वाढलेली भावंडं आज ईदलाही भेटत नाहीत. मोठ्या दादीच्या मुलांना धाकट्या भावांचे वाटे दिसतात, धाकटीच्या मुलांना ‘आमच्या शिक्षणाच्या वेळी अब्बा म्हातारे झाले होते’ हे दिसतं. दोन्ही खरं आहे.

बाळू_पाटील_शिरोळ

आमच्या पंजोबांच्या पण दोन बायका होत्या, मुलगा नाही म्हणून दुसरी केली. मराठ्यांत, कुणब्यांत, सगळीकडेच होतं हे. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी १९४६ साली बंदी आली, मग १९५५चा हिंदू विवाह कायदा. पण खरं सांगू का, गावात आजही ‘ठेवलेली’ म्हणून असतेच. तिचं तर कायद्यात लग्नच नाही. रेहानाताईंच्या धाकट्या दादीला निदान निम्मा वाटा मिळाला, आमच्याकडच्या दुसरीला सातबाऱ्यावर उभंच करत नाहीत. मुलांना बापाच्या हिश्श्यातलं मिळतं, तिला स्वतःला काहीच नाही.

सोलापुरी_वकील

पाटीलसाहेबांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बंदी आणली आणि दुसऱ्या बाईचं काय हे ठरवलं नाही, तर पुरुष मोकळा सुटतो आणि बाई अधांतरी राहते. मी बंदीच्या बाजूची आहे, पण आज ज्या दुसऱ्या म्हणून नांदताहेत त्यांचं आणि त्यांच्या मुलांचं पोटगी-निवाऱ्याचं लिहून मगच.

१९४६च्या त्या कायद्याची एक गोष्ट. ‘मुसलमानांना मोकळीक आणि आम्हाला बंदी, हा भेदभाव आहे’ म्हणून त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं होतं. १९५१चा नरसू अप्पा माळी खटला. न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांच्यापुढे चालला आणि कायदा टिकला. सुधारणा टप्प्याटप्प्यानं करायला सरकारला मुभा आहे, असं न्यायालय म्हणालं. पुढचा टप्पा अजून यायचाय.

निवृत्त_मास्तर

हा विषय महाराष्ट्रात नवा नाही हे तरुण मंडळींना माहीत असावं म्हणून लिहितो. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा गेला होता. फक्त सात. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व आणि हलाला (तलाकनंतर त्याच नवऱ्याशी पुन्हा निकाह करण्याआधी बाईला दुसऱ्याशी निकाह करावा लागणं) बंद करा ही मागणी. पुढाकार चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंचा. पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. म्हणजे धागा काढणाऱ्या ताईंच्या खाडीपासून फार लांबची गोष्ट नाही ही. त्या सात जणींना त्या काळी काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल याची कल्पना करा.

आणखी एक. शाहबानो म्हटलं की लोकांना पोटगीचा निकाल आणि तो फिरवायला आणलेला १९८६चा कायदा आठवतो. तिच्या घरात काय झालं ते कुणी सांगत नाही. १९३२ साली इंदूरच्या वकिलाशी लग्न, पाच मुलं. १९४६ साली नवऱ्यानं दुसरी बायको आणली. १९७५ साली शाहबानोला घराबाहेर काढलं. मॅजिस्ट्रेटनं महिना २५ रुपये पोटगी दिली, उच्च न्यायालयानं १७९ रुपये २० पैसे केली. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली कायम केली ती एवढीच रक्कम. त्या खटल्याच्या मुळाशी दुसरा निकाहच होता.

अब्दुल_क_औरंगाबाद

सगळे प्रतिसाद वाचले. मी दीनी माणूस आहे, मदरशात शिकलोय. परवानगी कशासाठी आली हेही पाहा. सूरह निसाची तिसरी आयत अनाथांच्या संदर्भात आहे. युद्धात पुरुष गेले, विधवा आणि यतीम मुलं मागे राहिली, त्यांना आधार मिळावा म्हणून चारपर्यंत सूट. तीही ‘न्याय करता येणार नाही अशी भीती वाटली तर एकच’ या शर्तीवर. अरबस्तानात त्याआधी मोजदादच नव्हती, म्हणजे ही मर्यादा घातली गेली. आज एखाद्या विधवेला इज्जतीनं घर मिळत असेल तर ते वाईट कसं? एकटी राहून हाल काढण्यापेक्षा?

रेहाना_मिरज

अब्दुलभाई, त्याच सूरहची १२९वी आयत पुढे वाचा. तुम्ही कितीही इच्छा केली तरी बायकांमध्ये पूर्ण न्याय करू शकणार नाही, असं तिथे सांगितलंय. दोन्ही एकत्र वाचून ट्युनिशियानं बंदी घातली, मुसलमान देशानंच. आणि विधवेचं म्हणाल तर आमच्या भागात ज्यांनी दुसरे निकाह केले, त्यातला एकही चार मुलांच्या विधवेशी झालेला मी पाहिला नाही. सगळ्या वीस-बावीसच्या.

अब्दुल_क_औरंगाबाद

१२९व्या आयतीचा अर्थ जुन्या उलेमांनी मनातल्या ओढीपुरता घेतला आहे, खर्च आणि वेळ यांत न्याय शक्य आहे असं ते म्हणतात. यावर आपलं एकमत होणार नाही. पण वीस-बावीसच्या मुलींचं म्हणालात ते खरं आहे, आणि ते मला पटत नाही. सूट ज्यासाठी होती ते सोडून हौशीसाठी वापरणाऱ्याला जमातीनं विचारलं पाहिजे. आम्ही विचारत नाही. निकाह लावायला आलेल्या माणसाला पहिल्या घराबद्दल एक प्रश्नही होत नाही. आणि ताईंनी विचारलेली शर्त शरियतच्या विरोधात नाही, हे मी माझ्यापुरतं सांगतो. लिहून घ्या.

निनावी_नगर

मी इथे दुसऱ्या नावानं लिहिते, हे नाव आजच घेतलं.

मी दुसरी आहे. विसाव्या वर्षी लग्न, चोविसाव्या वर्षी तलाक, पदरात मुलगी. भावांच्या घरात तीन वर्षं काढली. भावजया वाईट नव्हत्या, पण मुलीनं दुधाचा दुसरा पेला मागितला की माझाच जीव वर-खाली व्हायचा. मग हे स्थळ आलं. भावांनी सांगितलं, पहिलीची संमती आहे. ती आजारी असते, तिनंच म्हटलंय. मी विश्वास ठेवला, ठेवायचाच होता. निकाहनंतर कळलं तिला काहीच माहीत नव्हतं.

लोक म्हणतात दुसरी मजेत असते. माझी मजा सांगते. ते आठवड्यातून दोन रात्री इकडे. ईदची नमाज पढून पहिल्या घरी जातात, तिथे पाहुणे, मुलं, सगळं. माझ्याकडे येतात संध्याकाळी. शिरखुर्मा मी सकाळी करते, मुलीला देते आणि बाकीचा झाकून ठेवते. संध्याकाळपर्यंत शेवया फुगून गोळा होतात, मग वरून दूध घालून परत गरम करायचा. ते म्हणतात, “तिकडे खाऊन आलोय, थोडाच दे.”

मागच्या वर्षी त्यांना हृदयाचा झटका आला. मला फोन त्यांच्या दुकानातल्या पोऱ्यानं केला. दवाखान्यात गेले तर फॉर्मवर पत्नी म्हणून पहिलीचं नाव आणि सही. बरोबरच आहे. तिच्या मोठ्या मुलानं मला विचारलं, “आप कौन?” त्याला माहीत होतं मी कोण. मी म्हटलं, दुकानाच्या ओळखीची. आणि बाहेर बाकावर बसले.

मला त्या बाईचा राग येत नाही. आधी यायचा. आता वाटतं, तिला विचारलं नाही आणि मला खोटं सांगितलं, दोघींना एकाच माणसानं फसवलं. अब्दुलभाई म्हणतात तसं इज्जतीचं घर मला मिळालंय का? छप्पर मिळालं. भाड्याचं, त्यांच्या नावावर. पण तेव्हा भावाच्या घरातून बाहेर पडायला मला दुसरा कुठला दरवाजा होता ते कुणी सांगा. नोकरी असती, शिक्षण असतं, तलाकनंतरची पोटगी वेळेवर आली असती, तर मी हा निकाह केला नसता.

रोहिणी_कु

निनावी, काय लिहू कळत नाहीये. लिहिलंत याबद्दल आभार.

सोलापुरी_वकील

@निनावी_नगर, तुम्ही कायद्यानं पत्नी आहात, पहिलीइतक्याच. निकाहनाम्याची प्रत तुमच्याकडे आहे का? नसेल तर काझींच्या नोंदवहीतून घ्या आणि जपून ठेवा. राहत्या घरातून तुम्हाला कुणी उठवू पाहिलं तर कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, भाड्याचं घर असलं तरी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना वकील मोफत मिळतो. व्यक्तिगत निरोप पाठवते.

इम्रान_मुंब्रा

बहन, तुमचं वाचून मी माझा वरचा प्रतिसाद परत वाचला. टीव्हीवाल्यांबद्दल माझं मत तेच आहे. पण तो मुद्दा तुमच्यासमोर ठेवायचा नाही, एवढं कळतं. जो माणूस पहिलीला न सांगता निकाह करतो आणि जो काझी लावून देतो, दोघांनाही जमातीत उभं केलं पाहिजे.

तिसवाडीकर

गोव्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून. आमच्याकडे पोर्तुगीज नागरी कायदा सगळ्यांना, १९३७चा शरियत कायदा गोव्याला लागूच केलेला नाही. त्यामुळे गोव्यातल्या मुसलमानांना दुसरं लग्न करता येत नाही आणि त्यावरून इथे इस्लाम बुडालेला नाही, मशिदी भरलेल्या असतात. लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवावं लागतं आणि वेगळा करार केला नसेल तर मालमत्तेत बायको निम्म्याची मालकीण. गंमत म्हणजे जुन्या पोर्तुगीज हुकमात सूट ठेवली होती ती हिंदू पुरुषांना! बायकोला ठरावीक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर दुसरी करायची. आता ती कागदावरच उरली आहे.

मला वाटतं खरा फरक त्या निम्म्या मालकीनं पडतो. बंदी नुसती असून भागत नाही.

अनिरुद्ध_नाशिक

हे माहीत नव्हतं. हिंदूंना सूट हे तर अजिबातच नाही.

बाळू_पाटील_शिरोळ

अवांतर : शहापूर तालुक्यात डेंगनमाळला पाण्यासाठी दुसरी, तिसरी बायको करतात ते वाचलंय ना? विहिरीवरून हंडे आणायला. तिथे धर्माचा काही संबंध नाही, पाण्याचा आहे.

संपादक मंडळ

धर्मांची तुलना करणारे तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धागाकर्तीचा प्रश्न निकाहनाम्यातल्या अटीबद्दल आणि कुटुंबातल्या अनुभवांबद्दल आहे. तेवढंच लिहावं.

दोहावाली

मी कतारमध्ये नर्स आहे, मूळची महाडची. इथे दोन बायका असणारी घरं पाहते, पैसेवाली. दोन वेगळे बंगले, दोन ड्रायव्हर. तरी डिलिव्हरी वॉर्डात पहिली बायको भेटायला येते तेव्हा हवा बदलते, पैशानं ते सुटत नाही.

माझी एक सहकारी ट्युनिशियाची. तिथे १९५६ पासून बंदी. तिला मी आपल्याकडचं सांगितलं तर तिला खरंच वाटेना, भारतात अजून चालतं म्हणून. दुसरी मोरोक्कोची, तिच्याकडे २००४च्या कायद्यानं दुसऱ्या लग्नाला न्यायाधीशाची परवानगी लागते, आणि बायकोनं लग्नाच्या वेळी ‘दुसरी करणार नाही’ अशी अट घातली असेल तर परवानगी मिळतच नाही. म्हणजे खाडीकाठची, तुझ्या बहिणीची अट तिकडे कायद्याच्या पुस्तकात आहे. मामूंना सांग.

पाकिस्तानातही १९६१ पासून पंचायतीसारख्या एका मंडळाची लेखी परवानगी लागते, नाहीतर तुरुंग आणि पूर्ण मेहर लगेच. पण माझ्या पाकिस्तानी रुग्णांकडून ऐकते, पहिलीची सही कशी घेतात ते. माहेरी पाठवून देतात, मुलं ठेवून घेतात. आठवडाभरात सही होते.

रेहाना_मिरज

भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाची २०१५ची पाहणी आठवली. दहा राज्यांतल्या ४,७१० मुस्लिम बायकांना विचारलं, ९१.७ टक्के जणींनी नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला विरोध केला. कुणी म्हणत असेल की आमच्या बायकांना चालतं, तर त्यांनी विचारलेलंच नाही.

खाडीकाठची

धागा कुठच्या कुठे गेला, पण प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. निनावी, तुमचं वाचताना पहिल्यांदा मला मुंबईच्या छोट्या अम्मीचा चेहरा आठवला. आम्ही तिला कधी सलामसुद्धा केला नाही. अब्बांच्या मय्यतीला ती आमच्या पडवीत एका कोपऱ्यात बसली होती, कुणी पाणी दिलं की नाही मला माहीत नाही. तिचीही दोन मुलं आहेत, आमच्या रक्ताची.

आता मूळ मुद्दा. काल बहिणीनं कुणाला न विचारता थेट मुलाशीच व्हिडिओवर बोलणं केलं. तिनं अट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “लिहू या. पण माझीपण एक अट. तू गावात सासूजवळ राहायचं नाहीस, दुबईला माझ्याबरोबर राहायचं. माझ्या अब्बांनी तीस वर्षं आखातात काढली, आम्हाला ते फोटोत जास्त माहीत आहेत.” बहिणीला रडू आलं. मलाही हा मुद्दा कधी सुचला नव्हता. आमच्याकडे दुसरी घरं झाली त्यांतली कितीतरी अशीच झाली, बायको गावात आणि नवरा वर्षानुवर्षं बाहेर.

मामू अजून रुसलेले आहेत. काझीसाहेब म्हणतात, छापील निकाहनाम्यात एवढं लिहायला जागा नाही. काय करावं? आणि मराठीत लिहिलं तर चालेल का, उर्दू आम्हा दोघींना धड वाचता येत नाही.

इम्रान_मुंब्रा

मुलगा हिरा आहे. मामूंना माझा सलाम सांगा, वलीम्याला आम्हाला बोलवा.

मजेत_मी

यादी घेऊन मीपण येतो, खरेदीला माणूस लागेलच. 🙂 बहिणीला मनापासून शुभेच्छा.

सोलापुरी_वकील

मराठीत बिनदिक्कत लिहा. दोघांना समजते ती भाषा सगळ्यांत चांगली. जागा नसेल तर स्टॅम्प पेपरवर वेगळा करार करा, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि छापील निकाहनाम्यात एक ओळ टाका की सोबतचा अमुक तारखेचा करार या निकाहाचा भाग आहे. शक्य असेल तर नोटरी करा. एक प्रत बहिणीकडे, एक तुमच्याकडे, सासरच्या कपाटात नको. दुबईला एकत्र राहण्याची त्याची अटही त्यातच घाला, खर्च कुणाचा तेही.

तुम्ही व्यक्तिगत निरोपात पाठवलेला मसुदा वाचला. त्यात ‘पत्नीच्या संमतीशिवाय दुसरा निकाह करणार नाही’ असं लिहिलंय. ‘पत्नीच्या संमतीशिवाय’ हे शब्द काढून टाका. संमती कशी मिळवतात ते दोहावालीनं लिहिलंय, आणि न घेता घेतली म्हणून कशी सांगतात ते निनावीनं. सरळ लिहा : हा निकाह कायम असेपर्यंत दुसरा निकाह करणार नाही, केल्यास पत्नीला त्या दिवसापासून स्वतःला तलाक देण्याचा अधिकार राहील आणि संपूर्ण मेहर तात्काळ देणं लागेल. दुरुस्त केलेला मसुदा आज रात्री पाठवते, काझीसाहेबांना दाखवा आणि ते काय म्हणतात ते इथेच कळवा.